गच्चीवर माळा लावायच्यात, पण आधी खुर्च्या कुठे ठेवणार ते सांगा

प्रश्न: नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही. त्यांचं रो-हाऊस आहे, वर वीस बाय तीस फुटांची मोकळी गच्ची, एका कोपऱ्यात जिन्याची खोली. घरी माणसांची ये-जा भरपूर, नवऱ्याचे मित्र, मुलीच्या मैत्रिणी, भिशीच्या बायका, आणि दरवर्षी कोजागरीला पंधरा-वीस जण. गेल्या वर्षी त्यांनी दिवाळीच्या उरलेल्या पांढऱ्या माळा कठड्याभोवती गुंडाळल्या आणि टाकीच्या स्टँडला एक मोठा फोकस लावला. लोक आले, अर्ध्या तासात "डोळ्यावर येतंय गं" म्हणत खाली हॉलमध्ये जाऊन बसले. पुढे मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात एमसीबी पडली ती माळ काढेपर्यंत उचलेना. आता त्यांना कॅफेत असतात तशा डोक्यावरून जाणाऱ्या पिवळ्या बल्बच्या माळा हव्यात. तीस फुटांच्या सहा ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, छान ताणून, असा त्यांचा बेत आहे. खांब म्हणून सिमेंट भरलेल्या बादल्यांमध्ये पाईप उभे करायचे. मिस्टरांचं म्हणणं, हे सगळं सोडून दोन एलईडी फोकस लाव आणि मोकळी हो. शेजारच्या काकूंच्या बेडरूमची खिडकी गच्चीकडेच उघडते, त्या तक्रार करतील ही ताईंची धास्ती वेगळीच. ताई विचारतात, "किती माळा घेऊ, कशा बांधू, आणि हा निव्वळ हौसेचा खर्च आहे का? कोजागरीच्या आत सगळं व्हायला हवं."

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले, ते म्हणजे "लोक खाली हॉलमध्ये जाऊन बसले". तुम्ही त्यावरून धरून चाललात की माळा चुकीच्या होत्या, आता चांगल्या आणल्या की लोक थांबतील. तसं होईलही कदाचित, पण मला आधी हे विचारायचंय की गेल्या वर्षी ते बसले कशावर होते? तुमच्या पत्रात माळा आहेत, फोकस आहे, काकूंची खिडकी आहे, पण खुर्ची एकही नाही, सतरंजी नाही, ताटली ठेवायला जागा नाही. तीस फुटांच्या गच्चीवर पंधरा माणसं उभी राहिली की ती कठड्याला टेकून विखुरतात, चार इकडे, तीन तिकडे, आणि गप्पा काही लागत नाहीत. मग खाली हॉल बरा वाटतो कारण तिथे चार भिंती आहेत, एकमेकांची तोंडं दिसतात.

डोक्यावरून जाणाऱ्या माळेचं खरं काम हेच असतं, उजेड पाडणं हे दुय्यम. उघड्यावर माणसाला डोक्यावर काहीतरी लागतं, मग ते झाडाची फांदी असो, मांडवाचं कापड असो नाहीतर आठ फुटांवरून गेलेली बल्बची ओळ असो. त्या ओळीखाली बसलं की आपण एका जागेत बसलोय असं वाटतं, नाहीतर आपण नुसते गच्चीवर असतो. म्हणून पूर्ण तीस फूट झाकायचा बेत मला पटत नाहीये. सगळीकडेच छत केलं की पुन्हा एक मोठं मैदानच तयार होतं, फक्त उजेड असलेलं. त्यापेक्षा जिन्याच्या खोलीसमोर जो तेरा-चौदा फुटांचा चौकोन असेल (तुम्ही दिलेल्या मापांवरून अंदाज बांधतेय, खोली सात फूट रुंद धरली तर समोरच्या कठड्यापर्यंत तेरा फूट उरतात) तेवढाच घ्या, तिथे बैठक करा, आणि बाकीची गच्ची अंधारात राहू द्या. अंधार असलेला चांगलाच, मुलं तिकडे जाऊन तारे बघतील, कोणाला फोनवर बोलायचं असेल तर तो तिकडे जाईल, आणि चौकोनात बसलेल्यांना आपण आत आहोत असं वाटेल.

आता मिस्टरांबद्दल. तुम्ही लिहिलंय की "त्यांना कशाचीच हौस नाही". मला तसं वाटत नाही हो. पावसात एमसीबी पडली तेव्हा टॉर्च घेऊन वर कोण गेलं होतं, ओल्या गच्चीवर ती माळ कोणी ओढून काढली? तुम्ही लिहिलं नाहीये, पण माझा अंदाज आहे तेच गेले असणार. त्या माणसाला वायरची भीती वाटली तर ती हौसेच्या आड येणारी कटकट नाहीये, तो त्याचा अनुभव आहे. सुरक्षिततेचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं, फक्त फोकसचा उपाय चुकीचा. फोकस म्हणजे एकाच जागेतून सगळा उजेड, त्याच्याकडे तोंड करून बसलेल्याचे डोळे दिपतात आणि पाठ करून बसलेल्याचं तोंड काळं दिसतं. गेल्या वर्षी हेच झालं. गंमत बघा, एक-एक वॅटचे तीस एलईडी बल्ब मिळून जेवढा उजेड देतात तो घरातल्या वीस वॅटच्या साधारण सव्वा ते दीड ट्यूबइतकाच असतो, पण तोच उजेड तीस ठिकाणी वाटला गेला की कुठल्याच एका बल्बकडे बघून डोळे मिटावे लागत नाहीत. आणि खर्चाचं म्हणाल तर तीस वॅट पाच तास, म्हणजे सहा-सात संध्याकाळी मिळून एक युनिट. हा आकडा मिस्टरांना जरूर सांगा.

बल्ब घेताना मात्र पाकिटावर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे रंग, तो केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २७०० केल्विन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, २२०० म्हणजे अजून तांबूस, समईच्या जवळ जाणारा, आणि ६५०० म्हणजे तो ट्यूबलाईटचा पांढरा, जो तुम्ही गेल्या वर्षी लावला होता. बैठकीला २७०० किंवा त्याच्या खालचाच घ्या. यात निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाहीये, पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्या-तांबूसवर कमी. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे आणि भातशेती जवळ असेल तर दिवाळीच्या सुमारास येणारे ते हिरवे तुडतुडे ज्याने दुधाच्या ग्लासातून काढलेत त्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट आयपी नंबर, म्हणजे धूळ-पाण्यापासून वस्तूचा किती बचाव होतो त्याचा आकडा. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. गच्ची पूर्ण उघडी आहे, त्यामुळे ६५ च घ्या. दिवाळीच्या त्या बारीक राईस लाईटच्या माळांवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं, वायर केसासारखी पातळ, आणि तिच्यातून थेट घरातला २३० व्होल्टचा करंट जात असतो. त्या बाल्कनीत आतल्या बाजूला चार दिवस ठीक आहेत, पावसात नाहीत.

आणि बल्ब काचेचे घेऊ नका. फोटोत काच छान दिसते, मला माहितीये, मलाही काचेचेच आवडायचे. आमच्या गच्चीवर मी असंच बादलीत सिमेंट भरून पाईप उभे केले होते, दोन बाजूंना दोन, मध्ये काचेच्या बल्बची माळ. एप्रिलमध्ये रात्री दोनच्या सुमाराला वारं सुटलं, वरून धप्प आवाज आला, सकाळी बघते तर एक पाईप बादलीसकट आडवा आणि माळ फरशीवर. मी झाडून काढलं, पुसून घेतलं, सगळी काच निघाली असं मला वाटलं. आई नऊ वाजता कुरडयांचं साहित्य घेऊन वर आली. प्लॅस्टिकचा कागद अंथरून तिने पहाटेपासून शिजवलेला सगळा चीक सोऱ्यातून घातला, आणि दुपारी कुरडया उलटताना तिच्या बोटात काच गेली. एवढासा कण होता, नखाच्या कडेत, उन्हात धरल्यावर चमकला तेव्हा दिसला. एका कुरडईत कण निघाला म्हटल्यावर बाकीच्या कोणी खायच्या? तीन दिवस भिजवलेले गहू, पहाटेपासूनची मेहनत, सगळं टाकून दिलं. आई काही बोलली नाही. मी त्याच दिवशी उरलेले काचेचे बल्ब उतरवले. न फुटणारे प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलीकार्बोनेटचे बल्ब मिळतात, पाच पावलांवरून फरक कळत नाही.

हे सांगायचं कारण दुसरंही आहे. तुम्ही गच्चीला "पार्टीची जागा" म्हणताय, पण वर्षातले पार्टीचे दिवस किती, दहा? बारा? बाकीचे दिवस तिथे कपडे वाळतात, पापड-कुरडया पडतात, टाकी साफ करायला माणूस येतो, सोलर हीटरवाला येतो, संक्रांतीला मुलं पतंग उडवतात आणि मांजा माळेत अडकतो. तीस फुटांच्या सहा ओळी डोक्यावर कायमच्या असतील तर प्रत्येक वेळी कोणीतरी कुरकुरणार. छोटा चौकोन असेल तर बाकीची गच्ची आपली आहे तशी राहते.

आता बांधायचं कसं, कारण खरी गोम इथेच आहे आणि बहुतेक जण माळ विकत घेतात आणि मग दोरी शोधतात. मांडवाचं बघा ना, आपल्याकडे लग्नकार्यात आधी मुहूर्तमेढ रोवतात, तोरण नंतर लागतं. इथेही मेढ आधी.

पहिलं म्हणजे माळेच्या वायरवर माळेचं वजन टाकायचं नाही. वर एक बारीक स्टीलचा वायर रोप ओढायचा, तीन मिलिमीटरचा स्टेनलेसचा पुरतो, आणि माळ त्याला दर बल्बजवळ केबल टायने किंवा हुकने लटकवायची. ओढ रोप घेईल, माळ नुसती लोंबेल. तसं नाही केलं तर सहा महिन्यांत होल्डरच्या मानेपाशी वायर ताणून रबर सुटतं, आणि पाणी तिथूनच आत जातं. तुमची एमसीबीही माळेत असंच कुठूनतरी पाणी शिरल्याने पडली असावी, असा माझा अंदाज आहे.

दुसरं, "छान ताणून" हे डोक्यातून काढा. हे मला जरा खोलात जाऊन सांगू दे, कारण इथे आकडे बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. रोप, माळ, बल्ब सगळं मिळून मीटरला पाव किलो वजन धरा. तुमची तीस फुटांची ओळ घेतली आणि मध्ये फक्त दहा सेंटिमीटर झोळ ठेवला, म्हणजे मधोमध तेवढीच खाली लोंबू दिली, दिसायला जवळजवळ सरळ रेष, तर दोन्ही टोकांना साधारण पंचवीस किलोची ओढ लागते. एका ओळीची. तुमच्या सहा ओळी होत्या. तेच अंतर तेरा फुटांवर आणलं आणि झोळ वीस सेंटिमीटर ठेवला तर ओढ अडीच किलोवर येते. दहा पट फरक पडला आणि बल्ब तेच. आणि एवढा झोळ द्यायला जादा वायर किती लागते तर तीन सेंटिमीटरही नाही. याचीच उलटी बाजू अशी की पाईप वरच्या टोकाला इंचभर जरी आत कलला तरी वीसचा झोळ एकदम सत्तावीस-अठ्ठावीसवर जातो, म्हणून पाईप हलता कामा नये.

आणि म्हणूनच बादली नको. वीस लिटरची रंगाची बादली सिमेंट-खडीने भरली की अठ्ठेचाळीस किलोच्या आसपास होते, उचलताना वाटतं केवढी जड, हिला काय होणार. पण बादलीचा बूड जेमतेम फूटभर रुंद, आणि पाईप दहा फूट उंच. एवढ्या लांब दांड्याच्या वरच्या टोकाला अडीच-तीन किलोची ओढ लागली की बादली कलंडते. तुमच्या दोन ओळी एका पाईपाला आल्या तर ओढ पाच किलो, म्हणजे वाऱ्याची वाट बघायचीसुद्धा गरज नाही. आमच्याकडे जे झालं त्याचा हिशोब मी आधी केला असता तर कुरडया वाचल्या असत्या.

तुमच्याकडे उपाय आयताच आहे. जिन्याच्या खोलीला वरच्या बाजूला आरसीसीचा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा बीम असेल, त्यात अँकर फास्टनरवाले (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टचे) तीन आय हुक, म्हणजे कडीवाले हुक बसवून घ्या. नुसत्या विटेच्या भिंतीत नको, प्लास्टरमध्ये तर नकोच. समोरच्या कठड्याशी दोन पाईप, दीड इंची जीआयचे, गॅल्व्हनाइज केलेले म्हणजे गंज धरणार नाही. रोप पहिल्या हुकापासून पहिल्या पाईपाला, तिथून दुसऱ्या हुकाला, मग दुसऱ्या पाईपाला, मग तिसऱ्या हुकाला, असा नागमोडी. चार ओळी झाल्या, आणि उभे केले फक्त दोन पाईप. एवढ्याला साधारण साठ फूट माळ लागेल, दोन-दोन फुटांवर बल्ब म्हणजे तीस बल्ब. तुम्ही एकशे ऐंशी फूट आणायला निघाला होतात. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला टर्नबकल (फिरवून रोप आवळायचा आट्यांचा स्क्रू) घालायला सांगा, उन्हाळ्यात रोप सैल पडला तर दोन आटे फिरवून परत बसवता येतो.

पाईप कशाला बांधायचे हे मात्र गवंड्याला दाखवल्याशिवाय ठरवू नका. कठडा जर चार इंची विटेचा असेल तर तो आडवी ओढ घेण्यासाठी बांधलेलाच नसतो. बऱ्याच रो-हाऊसमध्ये पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलम गच्चीच्या वर दोन-तीन फूट काढून ठेवलेले असतात, ते सापडले तर सोनं, पाईप त्यांनाच खाली-वर दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळायचे. फरशीला, स्लॅबला भोक अजिबात पाडायचं नाही, वॉटरप्रूफिंग गेलं की पुढच्या पावसात खालच्या बेडरूमचं छत ओलं होणार आणि मग मिस्टर जे बोलतील त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. टाकीचं स्टँड, सोलर हीटरचे पाईप, डिश, आणि घरावर येणारी महावितरणची वायर, यातल्या कशालाही काही बांधू नका. घराशेजारून लाईन जात असेल तर पाईप उभा करताना तो तिकडे झुकण्याइतक्या अंतरावरसुद्धा असता कामा नये.

लाईटचं काम वायरमनकडूनच. एक्स्टेंशन बोर्ड जिन्यातून वर ओढायचा आणि जोडाला टेप गुंडाळायची हा प्रकार बंद. जिन्याच्या खोलीत आतल्या बाजूला स्वतंत्र पॉइंट, तीस मिलीअँपियरच्या आरसीसीबीवर (करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), बटण दाराशी. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यावर पडते, माणसाला शॉक बसताना ती पडेलच असं नाही, ते काम आरसीसीबीचं आहे, आणि लोखंडी पाईपावरून वायर जाणार असेल तर हिच्याशिवाय चालणार नाही. पाईपालाही अर्थिंग द्यायला सांगा. २४ व्होल्टची, अडॅप्टरवाली माळ मिळाली तर मी तीच घेईन, कारण अडॅप्टर जिन्याच्या खोलीत कोरड्यात राहतो आणि बाहेर जाते ती शॉक न बसण्याइतकी कमी व्होल्टची वायर. मिस्टरांची काळजी तिथल्या तिथे मिटते. वायर पॉइंटपाशी आणताना आधी भिंतीतल्या भोकाच्या खाली एक वळसा घेऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या वळशातून ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. बल्बही तोंड खाली करूनच लटकले पाहिजेत. मे संपता संपता माळ उतरवून, पुसून, खोक्यात ठेवा, रोप आणि हुक राहू देत वर. नवरात्रात परत चढवायला अर्धा तास लागतो.

सोलरच्या माळांबद्दल तुम्ही नाही विचारलंत पण दोन वाचकांनी गेल्या महिन्यात विचारलं होतं म्हणून सांगते. भाड्याचं घर असेल, वर पॉइंट काढता येत नसेल, तर त्या ठीक आहेत. फक्त पॅनल दिवसभर उन्हात पाहिजे, माळेच्या बाजूला सावलीत टांगलेलं नाही, आणि रात्री अकरापर्यंत पुरेल अशी खात्री धरू नका.

काकूंचं काय करायचं? मला वाटतं तुम्ही त्यांच्याशी अजून बोललाच नाही आहात. "त्या नक्की तक्रार करतील" असं लिहिलंय, केली असं नाही. एक करा, माळ चढवायच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या बेडरूमच्या खिडकीतून आपली गच्ची कशी दिसते ते बघून या. खरंच, पलंगावर बसून बघा. मग कळेल की कोणत्या दोन-तीन बल्बचा उजेड सरळ त्यांच्या उशीवर जातो. त्या बाजूच्या ओळीला वरून टोपी असलेले, म्हणजे उजेड फक्त खाली पाडणारे होल्डर घ्या, किंवा ती ओळ फूटभर खाली घ्या. साडेदहाला बंद करतो असं तोंडाने सांगून या. आणि कोजागरीला त्यांना बोलवा हो, पंधरा माणसांत एक काकू काही जड नाहीत.

दोन दिवे मात्र असे आहेत जे माळेच्या आधी लागले पाहिजेत, आणि तुमच्या यादीत दोन्ही नाहीत. एक जिन्यातला. माणूस पडतो तो गच्चीवर नाही, जिन्यात पडतो, हातात पातेलं असताना, मागे मूल असताना, शेवटच्या पायरीवर. जिन्याला खालून वरून दोन्हीकडून चालणारं बटण आणि पायऱ्या नीट दिसतील असा दिवा. दुसरा, जिथे वाढणार किंवा भाजणार तिथला. माळेच्या पिवळ्या उजेडात कणीस भाजलं गेलं का ते कळतं, चिकन आतून शिजलं का ते कळत नाही. तिथे एक वेगळा दिवा, टेबलावर खाली तोंड केलेला, काम झालं की बंद. हे दोन्ही माझ्या मते सगळ्या माळांपेक्षा महत्त्वाचे, बजेट कमी पडलं तर माळ पुढच्या वर्षी घ्या पण हे आत्ता.

खर्चासाठी तुम्ही पंधरा हजार लिहिलेत. त्यातले आधी वायरमन, मग रोप-हुक-पाईप आणि फॅब्रिकेशनवाला, मग जिना, आणि जे उरेल त्यात माळ. सहसा आपण उलटं करतो, दुकानात जाऊन बल्ब आवडतात आणि सगळे पैसे तिथेच जातात.

पण यातलं काहीही आणायच्या आधी एक संध्याकाळ काढा. सुतळीचा गुंडा घ्या, जिथून रोप जाणार तिथून सुतळी बांधा, खोलीच्या दाराच्या वरून समोर कठड्याला काठ्या बांधून, आणि सुतळीवर दोन-दोन फुटांवर कपड्याचे चिमटे लावा, ते तुमचे बल्ब. खाली खुर्च्या मांडा, सतरंजी टाका, चहा घेऊन दोघं बसा. मिस्टर हात वर करून उभे राहिले तर हात लागतो का बघा, सगळ्यात खालचा चिमटा आठ फुटांच्या वर असावा. फरशी दिवसभराच्या उन्हाने अजून गरम आहे का तेही कळेल, स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेला राहतो, कदाचित गेल्या वर्षी लोक खाली गेले त्यात त्याचाही हात असेल. वारा कुठून येतो, चंद्र कुठून वर येतो, टाकीच्या मागून की मोकळ्यातून, हे सगळं त्या एका तासात कळतं. पावसाची उघडीप बघून करा, भोकं पाडायचं कामही कोरड्या दिवसातच.

कोजागरीची घाई मात्र करू नका. म्हणजे करा, रोप-पाईप झाले तर उत्तमच, पण समजा नाही झालं, तर त्या रात्री तुम्हाला माळ लागणारच नाहीये. वर्षातली ती एक रात्र अशी की जिच्यात चंद्राचा उजेड दुधात पडायला हवा, आपण मुद्दाम पातेलं उघडं ठेवतो, आणि डोक्यावर तीस बल्ब पेटलेले असतील तर दुधात दिसेल काय, बल्ब! म्हणून वायरमनला सांगा की माळेचं बटण आणि टेबलावरच्या दिव्याचं बटण वेगवेगळं ठेव, एकाच बोर्डवर पण वेगळं. लोक येईपर्यंत माळ चालू, गप्पा-गाणी होऊ देत, आणि दूध वर आणलं की माळ बंद. जिन्यातला दिवा तेवढा चालू राहू द्या, दूध घेऊन येणारं माणूस अजून पायऱ्यांवर असतं.

सुतळीची संध्याकाळ झाली की मला कळवा, आणि कठड्याशी कॉलम सापडला तर तो आरसीसीचाच आहे ना तेवढं गवंड्याकडून ठोकून बघून घ्या, मगच पाईपाची ऑर्डर द्या.